झावळ्या व फांद्यांचे चुरायंत्र : सुरक्षित वापराचा पाठ

गोव्यातील कुळागर हे एका पिकाचे शेत नसून अनेक पिकांचे एकत्र कुटुंब होय. वर माड आणि पोफळी, त्यांच्या खोडांवर चढलेले मिरीचे वेल, खाली केळी, अननस व जायफळ आणि या सर्वांतून खेळणारे पाटाचे पाणी, अशी त्याची रचना असते. कुटुंब मोठे असले की त्याचा केरकचराही मोठा असतो. पूर्ण वाढलेल्या माडाची सर्वसाधारणपणे महिन्याला एक झावळी गळते. म्हणजे शंभर माडांच्या बागेत वर्षाकाठी सुमारे बाराशे झावळ्या जमा होतात. त्यांत पोफळीची पाने व विऱ्या, केळीचे खुंट, छाटलेल्या फांद्या आणि कुंपणाचा पाला यांची भर पडते.

पूर्वी यांतील बराचसा माल घरातच खपत असे. झावळ्या विणून त्यांचे छप्पर होई, पडव्या शाकारल्या जात आणि उरलेले सरपण न्हाणीच्या चुलीत जाई. कौलारू व स्लॅबची घरे झाली, घरोघरी गॅस आला आणि हा खप कमी झाला. त्यामुळे झावळ्यांचे ढीग बागेच्या कोपऱ्यात रचून ठेवले जातात किंवा जाळले जातात. ढिगात सापविंचवांना आसरा मिळतो. जाळल्याने धूर होतो, पानांतील नत्र हवेत उडून जातो आणि जमिनीला मिळावयाचा सेंद्रिय अंश राख होतो. उघड्यावर कचरा जाळण्यास घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांनी मनाई केली, ती याच दृष्टीने.

या अडचणीवर उपाय म्हणजे पाला व फांद्या बारीक करून त्यांचे आच्छादन किंवा खत करणे. अखंड झावळी कुजावयास फार काळ घेते, कारण तिचा देठ कठीण व लाकडासारखा असतो. तीच बारीक केल्यास कुजविणाऱ्या सूक्ष्म जीवांना व गांडुळांना शिरकाव करण्यास अधिक पृष्ठभाग मिळतो आणि काम लवकर होते. कासरगोड येथील केंद्रीय रोपवन पीक संशोधन संस्थेने माडाच्या पानांपासून गांडूळखत करण्याची पद्धत विकसित केली आहे. अशा कामासाठी आता अनेक बागायतदार, बचत गट व पंचायती चुरायंत्रे घेऊ लागल्या आहेत.

यंत्र उपयुक्त आहे यात शंका नाही. तथापि जे यंत्र माडाच्या झावळीचा कठीण देठ क्षणात चिरते, त्याला माणसाचे मनगट कठीण नाही. कुळागरात काम करणाराचे सारे जीवन हातांवर चालते. पाडेल्याचा हात गेला तर त्याचे माडावर चढणे संपते आणि पाटाचे पाणी वळविणारीचा हात गेला तर घरची चूलही अडते. यास्तव यंत्र विकत घेण्यापूर्वी, निदान त्याचे बटण दाबण्यापूर्वी, त्याचा स्वभाव समजून घेणे आवश्यक आहे.

यंत्राचा स्वभाव

बाजारात श्रेडर किंवा चिपर या नावाने मिळणाऱ्या यंत्रांत मुख्यतः दोन प्रकारची रचना आढळते. पहिलीत एका जड तबकडीवर किंवा रुळावर धारदार पाती बसविलेली असतात. फांदी तिच्यासमोर आली की पाती तिचे काप काढतात. दुसरीत फिरत्या दांड्यावर लोंबणाऱ्या लहान हातोड्या असतात, त्या पाला ठेचून त्याचा चुरा करतात. काही यंत्रांत या दोन्ही सोयी असून फांद्यांसाठी एक अरुंद तोंड व पाल्यासाठी दुसरे रुंद तोंड असते. माल ज्या नरसाळ्यासारख्या तोंडातून आत जातो त्यास हॉपर म्हणतात. चुरा दुसऱ्या बाजूच्या तोंडातून वेगाने बाहेर फेकला जातो.

वेगाची कल्पना यावी म्हणून एक हिशेब पाहू. तबकडीचा व्यास ३० सेंटिमीटर असून ती मिनिटास २,८०० फेरे घेते असे समजा. तिच्या कडेचा वेग सेकंदास सुमारे ४४ मीटर, म्हणजे ताशी जवळजवळ १५८ किलोमीटर होतो. तबकडीवर दोन पाती असतील तर सेकंदाला नव्वदांहून अधिक घाव पडतात. अशा वेळी हात आत गेल्यावर तो मागे घेऊ, ही कल्पनाच फोल ठरते.

मोठ्या यंत्रांत माल आत ओढून घेणारे फिरते रूळ असतात. असा रूळ सेकंदास ६० सेंटिमीटर वेगाने फांदी ओढत आहे आणि धोका लक्षात येऊन मूठ सोडण्यास माणसाला अर्धा सेकंद लागतो, असे धरले तरी तेवढ्यात हात ३० सेंटिमीटर आत गेलेला असेल. फांदीच्या एखाद्या आकड्यात बाही अडकली असेल तर मूठ सोडूनही उपयोग होत नाही. अमेरिकेत १९९२ ते २००२ या अकरा वर्षांत फांद्या चिरणाऱ्या यंत्रांवर काम करताना ३१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी २१ जण यंत्रात ओढले गेले होते आणि उरलेल्यांपैकी बहुतेकांना यंत्राच्या सुट्या झालेल्या भागांचा किंवा तत्सम वस्तूंचा तडाखा बसला होता. आपल्याकडील बागेतील यंत्रे पुष्कळ लहान असतात. परंतु धोक्याचे प्रकार तेच दोन आहेत : आत ओढले जाणे आणि बाहेर फेकलेल्या वस्तूचा मार बसणे.

यंत्राचा आणखी एक गुण ध्यानात ठेवावा. बटण बंद केले म्हणजे यंत्र थांबले असे नव्हे. जड तबकडीत साठलेला वेग तिला काही काळ फिरवीत राहतो. आवाज मंदावतो, माणसास वाटते की काम झाले, आणि तो झाकण उघडतो. पाती मात्र अजून फिरतच असतात.

मळणीयंत्राचा धडा

हा प्रश्न आपल्या देशाला नवा नाही. घाटावर व उत्तर भारतात यांत्रिक मळणीयंत्रे आली तेव्हा पेंढी सारताना हात गमावण्याचे प्रकार इतके घडले की संसदेने १९८३ मध्ये धोकादायक यंत्रे (विनियमन) अधिनियम संमत केला. मळणीयंत्राचे पेंढी सारण्याचे तोंड किमान ९०० मिलिमीटर लांब असावे व त्यांपैकी किमान ४५० मिलिमीटर भाग वरून झाकलेला असावा, असे भारतीय मानकात ठरविण्यात आले. यामागील विचार अगदी साधा आहे. माणसाकडून चूक होणारच, म्हणून चूक झाली तरी बोटे पात्यांपर्यंत पोहोचू नयेत अशीच यंत्राची लांबीरुंदी असावी.

चुरायंत्र विकत घेताना हाच विचार लावावा. यंत्र बंद असताना व वीज तोडलेली असताना हॉपरमध्ये एक सरळ काठी पात्यांपर्यंत घालावी आणि तोंडाच्या कडेशी तिच्यावर खूण करावी. ही लांबी घरातील सर्वांत उंच माणसाच्या खांद्यापासून बोटाच्या टोकापर्यंतच्या लांबीहून अधिक भरली पाहिजे. कमी भरली तर ते यंत्र कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये. तसेच पट्टा व पुली यांवर जाळी किंवा पत्र्याचे झाकण आहे काय, झाकण उघडताच यंत्र बंद पडण्याची सोय आहे काय, बंद करण्याचे बटण काम करणाराच्या हाताशी आहे काय आणि किती जाडीच्या फांद्या घालाव्यात हे यंत्रावर लिहिलेले आहे काय, हे पाहून घ्यावे.

सुरू करण्यापूर्वी

यंत्र सपाट व टणक जागी ठेवावे. उतारावर किंवा पाटाच्या ओल्या काठावर ते ठेवू नये. पाय घसरला की हात आधार शोधतो आणि जवळचा आधार म्हणजे हॉपरची कडा असते. उभे राहण्याच्या जागेवरील करवंट्या, सोडणे व सुतळ्या प्रथम गोळा कराव्यात. चुरा पडण्याच्या तोंडासमोर घर, वाट किंवा गोठा येणार नाही, असे यंत्राचे तोंड वळवावे.

झावळ्यांचा ढीग हाताने न उपसता लांब काठीने हलवावा. कोकणपट्टीतील अशा ढिगांत फुरसे, मण्यार, घोणस यांसारखे विषारी साप व विंचू दडलेले असू शकतात. साप दचकून निघाला आणि काम करणारा यंत्राशेजारीच उभा असला, तर एका संकटातून सुटताना तो दुसऱ्यात सापडतो. सबब ढीग हलविण्याचे काम यंत्र सुरू करण्यापूर्वीच उरकावे.

माल निवडणे हे सुरक्षिततेचे अर्धे काम होय. दगड, खिळे, तार, नायलॉनची दोरी, प्लॅस्टिक, काच व नारळाची करवंटी आत जाता कामा नये. खिळा किंवा दगड पात्यावर आदळला तर तो बंदुकीच्या गोळीसारखा बाहेर फेकला जातो आणि पातेही तुटू शकते. मिरीचे वेल बांधण्यासाठी वापरलेल्या दोऱ्या फांद्यांना चिकटून येतात, त्या आधी सोडवाव्यात. दोरी दांड्याभोवती गुंडाळली जाते आणि तिचे दुसरे टोक ज्याच्या हातात असेल त्याला ती ओढते.

काही वनस्पतींबाबत वेगळी सावधगिरी हवी. बिब्ब्याचा चीक अंगावर उडाल्यास फोड येतात आणि कुंपणावरील शेराचा चीक डोळ्यांत गेल्यास डोळ्यांस गंभीर इजा होते. खाजकुइलीच्या शेंगांची कूस हवेत पसरली तर काम करणे अशक्य होते. कण्हेर विषारी असल्याने तिचा चुरा गुरांच्या तोंडी लागेल अशा ठिकाणी पडू देऊ नये. ही झाडे यंत्रात न घालणेच इष्ट.

पोशाख

यंत्राजवळ सैल वस्त्र हा पहिला शत्रू समजावा. खांद्यावरील पंचा, लोंबणारा पदर, ओढणी, सोगा, सैल बाही, गळ्यातील लांब माळ किंवा मंगळसूत्र, हातातील कडे व बांगड्या यांपैकी काहीही अडकू शकते. स्त्रियांनी पदर कमरेत घट्ट खोचून त्यावर अंगाबरोबर बसणारा सदरा चढवावा आणि केस बांधून कापडाने झाकावेत. पायांत चप्पल नसावी, पुढून बंद असलेले व तळ न घसरणारे बूट असावेत.

डोळ्यांवर पारदर्शक संरक्षक चष्मा अवश्य असावा. उन्हाचा काळा चष्मा त्याची जागा घेऊ शकत नाही. हातमोजे घालावयाचे तर ते मनगटाशी घट्ट बसणारे असावेत. लांब, सैल तोंडाचा मोजा हात वाचविण्याऐवजी हात ओढून नेतो. बुरशी धरलेला जुना पाला चिरताना नाकातोंडावर चांगल्या प्रतीचा मुखपट्टा वापरावा. एक हात अंतरावरील माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल तर कानांनाही संरक्षण हवे, असे समजावे. कान झाकले की हाक ऐकू येत नाही. म्हणून 'थांबा' व 'वीज तोडा' या दोन सूचनांसाठी हाताच्या खुणा आधीच ठरवून घ्याव्यात.

काम चालू असताना

यंत्रावर एकट्याने काम करू नये. एकाने माल घालावा, दुसऱ्याने माल आणून द्यावा व मुख्य स्विचवर लक्ष ठेवावे. दोघांनी एकाच वेळी हॉपरमध्ये माल घालू नये. मुले, बघे व जनावरे दूर ठेवावीत. अठरा वर्षांखालील कोणासही यंत्रावर उभे करू नये. मद्यपान केलेल्या किंवा गुंगी आणणारे औषध घेतलेल्या व्यक्तीने यंत्राच्या वाटेला जाऊ नये.

यंत्र रिकामे सुरू करावे, पूर्ण वेग आल्याची खात्री करावी आणि मगच माल घालावा. हॉपरच्या समोर न राहता एका बाजूस उभे राहावे. त्यायोगे उलट उसळून आलेला तुकडा अंगावर येत नाही आणि तोल गेल्यास शरीर तोंडाकडे झुकत नाही. फांदी असो वा झावळी, तिचे जाड टोक आधी आत घालावे व ती आत जाऊ लागताच हात सोडून मागे सरावे. शेवटचा शेंडा हाताने दाबीत बसू नये. आखूड तुकडे, विऱ्या व मूठभर पाला हाताने न लोटता पुढच्या लांब फांदीबरोबर किंवा लाकडी दांड्याने सारावा. त्यासाठी लोखंडी पहार, कोयता किंवा पाय यांचा उपयोग कदापि करू नये. लाकडी दांडा पात्यांत गेला तर दांड्याचाच भुगा होतो, पहार गेली तर ती परत येते.

ओला पाला सलग घातल्यास तो दांड्याभोवती गुंडाळतो व यंत्र गुदमरते. म्हणून ओल्या पाल्याबरोबर सुक्या काटक्या आलटून पालटून घालाव्यात. झावळीचा देठाकडील अतिजाड भाग यंत्राच्या क्षमतेबाहेरचा असेल तर तो कोयत्याने वेगळा करावा. आवाज जड झाला की माल घालणे थांबवून यंत्राला पुन्हा वेग घेऊ द्यावा.

यंत्र तुंबले तर

येथे या पाठाचा गाभा आहे. सुरळीत चालणाऱ्या यंत्रात सहसा कोणी मुद्दाम हात घालीत नाही. हात जातो तो यंत्र तुंबल्यावर. काम अर्धे राहिलेले असते, ऊन चढलेले असते, यंत्र भाड्याचे असल्यास तासाचे पैसे चालू असतात आणि अडकलेली विरी हाताच्या अंतरावर दिसत असते. एवढीशी गोष्ट काढण्यासाठी वीज कोण तोडतो, असा विचार मनात येतो. अनुभवी माणसाच्या मनात तो अधिक येतो, कारण त्याने पूर्वी दहा वेळा असे केलेले असते व काही झालेले नसते. तुंबलेली पाती ताणलेल्या धनुष्यासारखी असतात. अडथळा दूर होताच ती एकदम फिरतात आणि अडथळा दूर करणारे बोट त्या वेळी तेथेच असते.

यास्तव पुढील क्रम कधीही मोडू नये.

१. यंत्राचे बटण बंद करावे.

२. विजेचे यंत्र असल्यास प्लग काढून तो आपल्या जवळ ठेवावा, अथवा मुख्य स्विच पाडून त्याच्या पेटीला कुलूप लावावे व किल्ली आपल्याच खिशात ठेवावी. इंजिनाचे यंत्र असल्यास चावी काढावी आणि पेट्रोल इंजिनाच्या स्पार्क प्लगची तार सोडवावी. ट्रॅक्टरचे यंत्र असल्यास दांडा सुटा करून ट्रॅक्टर बंद करावा व त्याची चावी काढावी.

३. पाती पूर्णपणे थांबेपर्यंत वाट पाहावी. आवाज थांबला हा पुरावा नव्हे. पुली स्थिर झालेली डोळ्यांनी पाहावी.

४. त्यानंतरच झाकण उघडावे व अडकलेला माल लाकडी दांड्याने किंवा आकड्याने काढावा. तबकडी फिरविणे भाग पडल्यास हात पात्यांवर न ठेवता पुलीवरून ती सावकाश फिरवावी. एक पाते हलले की त्याबरोबर बाकीची पातीही हलतात, हे विसरू नये.

५. झाकण लावून, नटबोल्ट घट्ट करून, हत्यारे मोजून बाजूला ठेवावीत. आजूबाजूस कोणी नाही हे पाहिल्यावरच वीज जोडावी.

यांत दुसरी पायरी सर्वांत महत्त्वाची होय. झाकण उघडणारा एक व बटण दाबणारा दुसरा, असे झाल्याने अपघात घडतात. किल्ली ज्याच्या खिशात आहे त्याच्याच हाती यंत्र सुरू करणे असेल, तर ही चूक घडूच शकत नाही. खंडित झालेली वीज अचानक परत येणे हाही असाच धोका आहे. वीज गेल्यास यंत्र आपोआप बंद झाले असे न समजता बटण बंद करून प्लग काढावा.

वीज, इंजिन व ट्रॅक्टर

विजेच्या यंत्रास योग्य अर्थिंग असलीच पाहिजे. जमिनीत गळणाऱ्या विजेमुळे तुटणारा ३० मिलिअँपिअरचा सुरक्षा स्विच बसवून घ्यावा. दोन-तीन अश्वशक्तीच्या मोटारीस घरगुती पंख्याची बारीक वायर पुरत नाही, ती तापते व वितळते. लांबची वायर गुंडाळलेल्या स्थितीत वापरू नये, पूर्ण सोडून पसरावी. तिचे सांधे जमिनीवर किंवा पाटाच्या पाण्यात पडू देऊ नयेत. पावसात, ओल्या अंगाने किंवा अनवाणी यंत्र चालवू नये. गोव्याच्या पावसाळ्यात चार महिने हे काम छपराखालीच करावे लागेल, हे यंत्राची जागा ठरवितानाच लक्षात घ्यावे.

इंजिनाचे यंत्र मात्र बंद खोलीत चालवू नये. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूस वास नसतो व तो प्राणघातक असतो. तापलेल्या इंजिनात पेट्रोल ओतू नये. ते थंड होऊ द्यावे आणि जवळ विडी पेटवू नये. ट्रॅक्टरवर चालणाऱ्या यंत्राचा दांडा बहुधा मिनिटास ५४०, म्हणजे सेकंदास ९ फेरे घेतो. त्यावरील प्लॅस्टिकचे आवरण तुटले असेल तर नवे बसविल्याशिवाय काम सुरू करू नये. चालू दांडा ओलांडणे म्हणजे जीव धोक्यात घालणे होय.

पात्यांची निगा

बोथट पाते अधिक धोक्याचे असते. पाती बोथट झाली की माल आपोआप आत जात नाही, मग माणूस जोर लावून तो लोटू लागतो आणि जोर लावताना हात आत जातो. चुऱ्याऐवजी चिंध्या पडू लागल्या किंवा यंत्र थरथरू लागले की पाती तपासावीत. पात्यास धार लावताना किंवा ते बदलताना समोरासमोरची पाती जोडीने काढावीत व त्यांचे वजन सारखे राहील असे पाहावे. वजनात फरक पडला तर तबकडीचा तोल जातो आणि बोल्ट सैल होतात. नवे बोल्ट यंत्र बनविणाराने सांगितलेल्या प्रतीचेच वापरावेत. दिवसाचे काम सुरू करण्यापूर्वी, वीज तोडलेली असताना, सर्व बोल्ट पान्याने तपासण्याची सवय ठेवावी.

अपघात झाल्यास

प्रथम यंत्र बंद करून वीज तोडावी. हात अडकला असेल तर तो ओढू नये व घाईने यंत्र उलटे फिरवू नये. जखमीस आधार द्यावा, यंत्राची माहिती असणाऱ्यास बोलवावे व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. रक्तस्राव होत असल्यास स्वच्छ कापडाची घडी जखमेवर घट्ट दाबून धरावी आणि हात उंच ठेवावा. दाबूनही रक्ताची धार थांबत नसेल, तर जखमेच्या वर, शरीराच्या बाजूस, रुंद पट्टी बांधून ती काडीने पिळून आवळावी, बांधल्याची वेळ लिहून ठेवावी व रुग्णालयात पोहोचेपर्यंत ती सोडू नये. जखमेवर हळद, चुना, तंबाखू, माती असे काहीही लावू नये.

बोट किंवा हात तुटून पडला असेल तर तो टाकून देऊ नये. काही प्रसंगी शस्त्रक्रियेने तो पुन्हा जोडता येतो. तुटलेला भाग स्वच्छ पाण्याने ओलसर केलेल्या कापडात गुंडाळावा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचे तोंड बांधावे आणि ती पिशवी बर्फ व पाणी असलेल्या दुसऱ्या भांड्यात ठेवावी. भाग थेट बर्फावर ठेवू नये व पाण्यात बुडवू नये. तो जखमीबरोबरच रुग्णालयात न्यावा. येथे जितका वेळ वाचेल तितकी हात वाचण्याची आशा अधिक. धनुर्वातावरील लशीविषयी डॉक्टरांना अवश्य विचारावे.

संस्था, अधिकारी व शिक्षक यांच्यासाठी

बचत गटाचे किंवा पंचायतीचे यंत्र हातोहात फिरते, आणि जे सर्वांचे असते त्याची निगा कोणाचीच नसते. म्हणून यंत्राबरोबर एक वही ठेवावी. यंत्र कोणी नेले, किती तास चालविले, पाती केव्हा तपासली, कोणता भाग सैल किंवा तुटलेला आढळला, एवढ्या नोंदी पुरेत. यंत्राची किल्ली शिकविलेल्या व्यक्तीच्याच हाती द्यावी. चष्मा, हातमोजे, कानांचे संरक्षण व लाकडी दांडा यंत्राबरोबरच द्यावेत, म्हणजे 'घरी राहिले' ही सबब उरणार नाही. भाडे तासावर न घेता अर्ध्या दिवसावर घेतल्यास घाई कमी होते, याचाही संस्थांनी विचार करावा. यंत्राचे प्रात्यक्षिक दाखविताना अधिकाऱ्यांनी ते चालू करून दाखविण्याइतकाच वेळ ते तुंबल्यावर काय करावे हे दाखविण्यास द्यावा.

शाळेच्या बागेतील पाला चिरण्यासाठी विद्यार्थ्यांना यंत्राजवळ नेऊ नये. मात्र वर्गात या विषयाचा चांगला पाठ होऊ शकतो. तबकडीचा वेग काढणे हे गणित आहे, बटण बंद केल्यावरही तबकडी का फिरते हे पदार्थविज्ञान आहे आणि बारीक पाला लवकर का कुजतो हे जीवशास्त्र आहे. मुले हा पाठ घरी सांगतील, आणि घरातील वडीलधाऱ्यांना मुलांकडून ऐकलेली गोष्ट पुष्कळदा अधिक लागू पडते.

उजळणीसाठी प्रश्न

१. माडाच्या अखंड झावळीपेक्षा तिचा चुरा लवकर का कुजतो?

२. तबकडीचा व्यास ४० सेंटिमीटर असून ती मिनिटास १,५०० फेरे घेत असेल, तर तिच्या कडेचा वेग किती?

३. हॉपरची लांबी माणसाच्या हाताच्या लांबीहून अधिक का असावी? ती सुरक्षितपणे कशी मोजाल?

४. तुंबलेले यंत्र मोकळे करताना किल्ली कोणाच्या खिशात असावी व का?

५. बोथट पाते धारदार पात्यापेक्षा धोक्याचे का ठरते?

६. तुमच्या वाड्यावरील एखादे चुरायंत्र, कडबा कापण्याचे यंत्र किंवा उसाचा चरक बंद असताना, वीज तोडून, मोठ्या माणसाबरोबर पाहा. त्याचे कोणते फिरते भाग उघडे आहेत व ते कसे झाकता येतील, याची यादी करा.